चौथी गोष्ट

छातीवर टाचलेलं घड्याळ
समोरच्याला उलटं दिसतं.
मान खाली घातली की
मला एकटीला सुलटं.
म्हणजे वेळ कळायला
दर वेळी मान खाली घालायची.
सहा आठवड्यांत सवय झाली.

हामरफेस्टला सूर्य मावळला
तो आता थेट जानेवारीत.
खिडकीत सकाळचे सात आणि दुपारचे तीन
एकाच काळ्या कापडाचे.
मधे थोडा वेळ निळसर उजाडल्यासारखं होतं म्हणे.
मी नेमकी तेव्हा औषधांच्या खोलीत.

आठ खाटा, चार रकाने,
कागदाला चार घड्या.
एकेका कामापुढे चौकोन,
चौकोनात खूण करायची,
इतकं सोपं.
सव्वाआठला बेल वाजते
आणि कागद खिशात
निमूट बसून राहतो.

दोन नंबरचे ओड्वार
एके काळी बोटीचे कप्तान.
म्हणतात, पायमोज्याची शिवण टोचते.
बघते तर मोजा खरंच उलटा.
मीच घातलेला, सकाळी, घाईत.
सुलटा करताना
ते मला खडकांची नावं सांगतात, एकेक,
भरतीत कोणते दिसत नाहीत ते.
सात मिनिटं.
ही सात मिनिटं
कुठल्या रकान्यात लिहू?

कॉलेजात पहिला वर्ग होता माझा.
हृदयाचे कप्पे झोपेतही काढून दाखवीन.
पण एका हृदयाला पाणी हवंय,
दुसऱ्याला बेडपॅन,
तिसरं गप्प आहे.
आधी कुठे जायचं?

गप्प असेल तिकडे,
टोर्गुन म्हणते,
आणि निघून जाते.
एकोणतीस वर्षं झाली तिला.
ती चालते तेव्हा बुटांचा आवाज येत नाही.
माझे बूट
सगळ्या मजल्याला पाठ झालेत.

कधी तरी चादरींच्या खोलीत शिरून
उशीची खोळ तोंडाशी धरली,
वीस आकडे मोजले.
तेही उसनेच.
बाहेर आले तेव्हा पाचचा जेवणाचा ट्रे
निवून गेला होता,
आणि पाचच्या बाई म्हणाल्या,
असू दे गं, मला गार आवडतं.
हे खोटं होतं.
दोघींनाही माहीत होतं.

पाळी तीनला संपली.
मी पावणेचारला सुटले.
गाडीच्या काचेवर बर्फ.
अर्धी काच खरवडली
आणि हात थांबला.
सातचं सलाईन.
नळी बदलली, ते आठवतं.
चिमटा सोडला का?

बोटं बधिर, तरी नंबर लावला.
टोर्गुननेच उचलला, आज तिची डबल ड्यूटी.

सातचं सलाईन चालू आहे ना?
चालू आहे.
चारच्या साखरेची नोंद?
केलीयस.
ओड्वारची बेल, हाताशी ठेवली होती का मी?
मुठीत धरून झोपलाय.

मग ती काही बोलली नाही.
फोनमध्ये मागे कुणाची तरी बेल वाजत होती.

चौथं तू विचारलंच नाहीस, सुनिव्हा.
सहाचा पोटॅशियमचा रिपोर्ट.
दोनलाच आला होता.
डॉक्टरला सांगायचा राहिला.
मी सांगितला.
ठीक आहेत त्या आता.

असं होतं कधी कधी,
असं ती म्हणाली नाही.
तू चांगली नर्स होशील,
असंही नाही.
म्हणाली, माझं चौथं
आमच्या वेळी सोल्वाइग धरायची.
उद्या सातला ये.
काहीतरी खाऊन ये.
आणि ठेवला फोन.

बंद गाडीत बसले,
अर्ध्या काचेतून बंदरावरचा
एक लाल दिवा दिसत होता,
उरलेल्या अर्ध्यात मी,
आणि माझ्या छातीवर
काढून ठेवायचं राहिलेलं घड्याळ.

खिशातून कागद काढला,
त्याच्या घड्या आता फाटत आल्या होत्या.
सगळ्यात खाली लिहिलं,
सहा, पोटॅशियम.
पुढे चौकोन काढला.
खूण करायला पेन टेकवलं,
उचललं.
तसाच ठेवला चौकोन.

मग उतरले
आणि राहिलेली काच
खरवडायला लागले.